जाधवरावांचं सिंदखेड, जाधवरावांचं दौलताबाद

आमच्या शहरात पाहुणे आले की त्यांना तीन ठिकाणी न्यावंच लागतं. वेरूळ, बीबी का मकबरा आणि दौलताबाद. मी शाळेत इतिहास शिकवत होतो, त्यामुळं पाहुणे आले नाहीत तरी दौलताबाद मला चुकलं नाही. दरवर्षी सहल निघायची. बुरूज, चांद मिनार, मेंढा तोफ, खंदक, अंधारी आणि मग धापा टाकत बारादरी. माझं बोलणंही वर्षानुवर्षं तेच. भिल्लम यादवानं राजधानी केली, अल्लाउद्दीन आला, तुघलकानं दिल्लीची माणसं इथं हाकलली, चिनी महालात गोवळकोंड्याचा तानाशाह कैदेत होता. मुलं ऐकतात थोडं, माकडांकडं बघतात जास्त.

एका वर्षी आठवीतला एक मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, लखुजी जाधवांना इथंच मारलं ना? ते फितूर झाले होते का?" त्याचं आडनाव जाधव होतं. मी घाईत होतो, पुढं पन्नास मुलं खंदकापाशी दाटीवाटीनं उभी होती. "बाजू बदलली होती त्यांनी, दोनतीनदा," एवढं बोलून मी पुढं झालो. पोरगा काही बोलला नाही. परतीच्या बसमध्ये सगळे भेंड्या खेळत होते आणि हा खिडकीशी गप्प बसून होता. तेव्हा मला चुटपुट लागली. माझं उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. आणि इतिहासात अर्धं उत्तर कधीकधी खोट्यापेक्षा वाईट पडतं. राहिलेलं अर्धं उत्तर आज आपल्यापुढं मांडतो.

सुरुवात देवगिरीपासूनच करावी लागते. दौलताबादचं मूळ नाव देवगिरी, आणि सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवत. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीनं रामदेवरायाला नमवलं, 1318 मध्ये हरपाळदेव मारला गेला आणि यादवांचं राज्य संपलं. तिथून सोळाव्या शतकातल्या सिंदखेडपर्यंतचा धागा वंशावळींच्या भरवशावर आहे. पण माझं म्हणणं असं, की वंशावळ तंतोतंत खरी आहे की नाही यापेक्षा ती माणसं ती मनाशी धरून जगत होती, हे महत्त्वाचं. ज्या किल्ल्यात निजामशहापुढं मुजरा करायचा, तो आपल्या पूर्वजांचा किल्ला आहे, असं समजून मुजरा करणाऱ्याच्या मनात काय चालत असेल?

सिंदखेड इथून शंभरेक किलोमीटर. जालना ओलांडलं की पुढं तासाभरात गाव येतं. आज ते बुलढाणा जिल्ह्यात आहे. या गावची देशमुखी लखुजींना कशी मिळाली याची एक हकिकत सांगतात. देशमुखी मुळे घराण्याकडं होती. ढोणे नावाच्या एका पुंडानं त्या घरची माणसं मारली. जी बाई वाचली तिनं लखुजींचा आसरा घेतला, लखुजींनी पुंडाचा बंदोबस्त केला आणि वतन त्यांच्याकडं आलं. तपशील इकडंतिकडं असतील, पण एक गोष्ट त्यातून स्वच्छ कळते. त्या काळी वतन मिळायचं ते तलवार चालवू शकणाऱ्याला, आणि ते टिकायचं ते सरकारची सनद असणाऱ्याला. दोन्ही लागायचं.

इथं जरा थांबून वतन म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोम तिथं आहे. देशमुख म्हणजे परगण्याचा मुख्य. सारा गोळा करून द्यायचा, पाटलांवर नजर ठेवायची, चोरदरोडेखोर आवरायचे. मोबदल्यात वसुलीतला ठरावीक हक्क, इनाम जमीन आणि मानपान. हे सगळं वंशपरंपरेनं. बापानंतर मुलाचं, मुलानंतर नातवाचं. दुसरी असायची ती जहागीर किंवा मोकासा. ती फौज बाळगण्यासाठी. इतके स्वार ठेवा, त्यांच्या खर्चासाठी एवढी गावं घ्या. चाकरी संपली की जहागीर संपली. म्हणजे वतन मातीला बांधलेलं आणि जहागीर दरबाराला. सुलतान आला-गेला तरी देशमुख तिथंच. फक्त नव्या धन्याकडून सनद नवी करून घ्यायची. लखुजींसारख्या माणसाचे स्वार त्याच्या अन्नावर वाढलेले, त्याच्याच गावांतले. ते सुलतानाला ओळखत नसत, ते जाधवरावांना ओळखत. आणि सुलतानाला हे स्वार तर हवे होते. हवे असायचे आणि त्यांची भीतीही वाटायची.

लखुजी निजामशाहीतले मोठे सरदार झाले. 12 जानेवारी 1598 ही त्यांच्या कन्येची, जिजाबाईंची जन्मतारीख आपण मानतो. पुढं वेरूळच्या मालोजी भोसल्यांचा मुलगा शहाजी त्यांचा जावई झाला. रंगपंचमीला लखुजींनी थट्टेनं लग्न ठरवलं आणि मालोजींनी ती थट्टा धरून ठेवली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. बखरीतली गोष्ट आहे, गोड आहे, तिथंच ठेवू.

आता 1616 साली या. निजामशाहीचा खरा कर्ताधर्ता होता वजीर मलिक अंबर. हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि स्वतःच्या अकलेनं राज्य चालवणारा. आमचं हे शहर 1610 मध्ये खडकी म्हणून त्यानंच वसवलं. पाणचक्कीजवळून जाणाऱ्याला नहरीचं कौतुक वाटतं, तिची सुरुवातही त्याचीच. इतका जबर वजीर आणि इतके जबर सरदार एका दरबारात कसे नांदणार? 1616 मध्ये काही निजामशाही सरदार मोगलांना जाऊन मिळाले, त्यांत जाधवराव होते. जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात त्यांचं नाव ‘जादूराय’ असं येतं. जालन्याकडं रोशनगावला लढाई झाली, मलिक अंबर हरला आणि मोगलांनी खडकी लुटून उद्ध्वस्त केली. सहा वर्षांचं कोवळं शहर. आमच्या गावाच्या पहिल्या नाशात लखुजींचा पक्ष मोगलांकडं होता, हे मला शाळेत शिकवताना नेहमी जड जायचं. पण सांगितलं पाहिजे.

त्यानंतर ते परत निजामशाहीत आले, आणि 1621 च्या सुमारास पुन्हा मोगलांकडं गेले. मोगलांनी मुलांना, नातवांना धरून सगळ्या घराण्याला मिळून चोवीस हजार जात आणि पंधरा हजार स्वारांची मनसब दिली, असं शहाजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो. ‘जात’ म्हणजे सरदाराचा दर्जा आणि त्याचा पगार ठरवणारा आकडा, ‘स्वार’ म्हणजे त्यानं पदरी ठेवायचे घोडेस्वार. त्या काळी शहजादे सोडले तर एकट्या सरदाराला साधारण सात हजारांपर्यंतची मनसब म्हणजे अगदी डोक्यावरून पाणी. त्या हिशोबानं एका घरात चोवीस हजार ही केवढी गोष्ट झाली ते पाहा. सिंदखेडच्या वाड्यावर तेव्हा दिल्लीचं आणि अहमदनगरचं, दोघांचंही लक्ष होतं. वैभवाचा कळस म्हणतात तो हा.

आणि कळसालाच तडा गेला होता. तोही एका हत्तीमुळं.

ही हकिकत परमानंदांच्या शिवभारतात आहे, बखरींतही आहे. निजामशहाचा दरबार सुटला, सरदार आपापल्या लवाजम्यासह बाहेर पडत होते. दारात ही गर्दी. खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसं तुडवू लागला. लखुजींचा मुलगा दत्ताजी हत्तीला आवरायला धावला आणि त्याच्यावर शस्त्र चालवू लागला. खंडागळ्यांच्या मदतीला विठोजी भोसल्यांची मुलं, संभाजी आणि खेळोजी, आली. हत्ती राहिला बाजूला आणि जाधव-भोसले एकमेकांवर तुटून पडले. संभाजीच्या हातून दत्ताजी पडला. लखुजी पुढं निघून गेले होते, ते वर्दी मिळताच उलटे फिरले. समोर कोण, तर सख्खा जावई. शहाजीराजे चुलतभावाच्या बाजूनं उभे होते. सासऱ्याच्या वारानं जावई दंडाला जखमी होऊन पडला आणि संभाजी भोसले लखुजींच्या हातून मारला गेला. शेवटी निजामशहानं मध्ये पडून समेट केला म्हणतात. समेट कागदावर होतो. जिजाबाईंचा भाऊ गेला होता, दीर गेला होता, नवरा जखमी होता आणि जखम करणारे वडील होते.

1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीची लढाई झाली तेव्हा शहाजीराजे मलिक अंबराच्या बाजूनं लढत होते आणि लखुजी मोगलांच्या. त्या लढाईत शहाजीराजांचा भाऊ शरीफजी पडला. पुन्हा तेच.

1626 मध्ये मलिक अंबर वारला. 1628 मध्ये शहाजहान दिल्लीच्या गादीवर आला. लखुजी मोगलांना सोडून निजामशाहीत परतले. का परतले? अंबर नाही म्हणजे दरबारात आपल्याला जागा आहे, असं वाटलं असावं. शिवाय मोगल मनसब देत, पण मनसबदाराला हुकूम सुटेल तिकडं जावं लागे. सिंदखेडच्या मातीपासून लांब. मला तरी वाटतं, चोवीस हजारांपेक्षा आपला परगणा त्यांना जवळचा होता. निजामशहानं त्यांना ठेवून तर घेतलं, पण मनातून संशय जाईना. जो दोनदा गेला तो तिसऱ्यांदा जाणार नाही कशावरून? दरबारात हमीदखानाची चलती होती आणि असल्या संशयाला खतपाणी घालणाऱ्यांची कुठल्याच दरबारात वाण नसते.

25 जुलै 1629. पावसाळ्याचे दिवस. लखुजी मुलांना आणि नातवाला घेऊन दौलताबादच्या दरबारात मुजऱ्याला गेले. मुजऱ्याला जाताना माणूस लढायच्या तयारीनं जात नाही. आत मारेकरी तयार ठेवलेले होते. जाधवांनी कमरेच्या कट्यारी उपसून जेवढा झाला तेवढा प्रतिकार केला. लखुजी, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, आणि दत्ताजीचा मुलगा यशवंतराव असे चौघे तिथंच मारले गेले. हत्तीच्या भांडणात दत्ताजी गेला, त्याचा मुलगा या दरबारात गेला. एका घराच्या तीन पिढ्या एका दिवशी.

किल्ल्याबाहेरच्या तळावर लखुजींच्या पत्नी होत्या. फारसी साधनांत त्यांचं नाव गिरिजाबाई येतं, आपल्याकडं म्हाळसाबाई हे नाव जास्त ओळखीचं. त्या माऊलीनं आकांत करत बसण्यात वेळ घालवला नाही. मुलगा बहादुरजी, जगदेवराव आणि उरलेली माणसं घेऊन त्या तडक सिंदखेडला पोचल्या. थोड्याच दिवसांत हे सगळं घर मोगलांच्या चाकरीत गेलं.

जिजाबाईंचं मी आणखी एक गणित मांडतो. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 चा. म्हणजे जुलै 1629 मध्ये वडील, दोन भाऊ आणि भाचा मारल्याची बातमी आली तेव्हा जिजाबाईंना दोन-अडीच महिने झालेले असणार. पुस्तकात या दोन तारखा वेगवेगळ्या धड्यांत येतात, म्हणून आपण त्या शेजारी ठेवून बघत नाही.

त्या निजामशहाला या हत्येनं काय मिळालं? पुढच्याच काळात शहाजीराजांनीही निजामशाही सोडून मोगलांची चाकरी धरली. सरदारांचा भरवसा उडाला तो उडालाच. मलिक अंबराचा मुलगा फत्तेखान यानं सुलतानाला आधी कैदेत टाकलं आणि मग मारलं. 1633 मध्ये महाबतखानानं दौलताबाद घेतलं, 1636 मध्ये निजामशाहीचं नाव पुसलं गेलं. बोलावून मारलेल्या पाहुण्यांची किंमत सात वर्षांत सव्याज चुकती झाली.

असा प्रसंग फक्त आपल्याकडं घडला असं नाही. युरोपात हंगेरीमध्ये हुन्यादी नावाचं सरदार घराणं होतं. यानोश हुन्यादीनं 1456 मध्ये बेलग्रेडला तुर्कांना अडवलं आणि त्याच वर्षी तो वारला. त्याचा थोरला मुलगा लास्लो याच्या माणसांनी राजाच्या मर्जीतला एक सरदार मारला. राजानं लास्लोला अभय दिलं, शपथ घेतली, राजधानीत येऊ दिलं आणि मार्च 1457 मध्ये त्याचा शिरच्छेद केला. देश पेटला. राजा पळाला, त्याच वर्षी मरण पावला, आणि 1458 च्या जानेवारीत हुन्यादींचा धाकटा मुलगा मात्याश पंधराव्या वर्षी हंगेरीचा राजा झाला. आपल्याकडं सिंहासनापर्यंत पोचायला मुलगा नव्हे, लेकीचा मुलगा लागला. आणि वर्षं लागली पंचेचाळीस.

हत्येनंतर जाधवांचं घराणं फुटलं. सिंदखेड, देऊळगावराजाकडची मंडळी मोगलांकडं, पुढं निजामाकडं. अचलोजींच्या मुलाला जिजाबाईंनी आपल्याजवळ सांभाळलं, असं घराण्याची परंपरा सांगते. ती शाखा स्वराज्यात राहिली. तिच्यातलेच सेनापती धनाजी जाधव. संभाजीराजांच्या वधानंतर औरंगजेबाच्या फौजांना ज्या दोघांनी झोपू दिलं नाही ते संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. मोगलांची घोडी पाणी प्यायला बुजली की ‘पाण्यात धनाजी दिसतो काय?’ असं म्हणत, ही आख्यायिका आपल्याला पाठ आहे. म्हणजे एकाच वेळी एकाच पूर्वजाचे वंशज औरंगजेबाच्या छावणीतही होते आणि तिच्यावर छापे घालणाऱ्यांतही.

धनाजी 1708 मध्ये वारले. त्यांचा मुलगा चंद्रसेन शाहू महाराजांचा सेनापती झाला खरा, पण बाळाजी विश्वनाथाशी त्याचं पटेना. हा भट कालपर्यंत आपल्या वडिलांच्या पदरी कारकुनी करत होता, हे त्याच्या मनातून जाईना. एका शिकारीत हरणावरून ठिणगी पडली, चंद्रसेनानं बाळाजीवर घोडे घातले, शाहूंनी बाळाजीची बाजू घेतली आणि चंद्रसेन स्वराज्य सोडून गेला. पुढं निजामानं त्याला भालकीची जहागीर दिली. या घराण्याला जनावरं भोवली असं गमतीनं म्हणावंसं वाटतं. आजोबा-पणजोबांना हत्ती, नातवंडांना हरीण. पण खरं कारण दोन्हीकडं मानाचंच होतं. 1757 मध्ये पेशव्यांच्या फौजा निजामाविरुद्ध आल्या तेव्हा सिंदखेडात कोंडला गेलेला सरदार होता चंद्रसेनाचा मुलगा रामचंद्र जाधव. मराठ्यांनी वेढा घातला होता तो जिजाऊंच्या माहेराला.

त्यानंतरची उतरण थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात सांगण्यासारखं फारसं नाही. 1804 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्ली या भागातून गेला तेव्हा त्यानं सिंदखेडला चोरांचं घरटं म्हटलं आणि माणसं उपाशी मरताहेत असं लिहून ठेवलं. लढायांनी आणि दुष्काळानं मुलूख खरवडून काढला होता. देऊळगावराजाच्या शाखेकडं जहागीर होती, मान होता, बालाजीचं प्रसिद्ध देवस्थान होतं आणि पदरी अरब शिपाई होते. ते अरबच बुडवायला कारण झाले. 1851 मध्ये त्यांची हैदराबाद कंटिंजंट फौजेशी देऊळगावात झुंज झाली. त्याचा दोष जहागीरदार बाजीराव जाधवांवर आला आणि वंशपरंपरेची मालमत्ता जप्त झाली. बाजीरावांना सरकारी कैदी म्हणून ठेवलं ते कुठं, तर दौलताबादेत. तिथंच 1856 मध्ये ते वारले. लखुजींना त्या किल्ल्यात मारलं त्याला तेव्हा 227 वर्षं झाली होती.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडं येतो. फितूर हा शब्द तेव्हाही होताच, पण तो प्रत्येक जण समोरच्याला लावत असे. शहाजीराजे निजामशाही, मोगल, पुन्हा निजामशाही आणि शेवटी आदिलशाही असे फिरले. त्यांना आपण फितूर म्हणत नाही, आणि म्हणूही नये. ज्या राज्यात सरदारापाशी स्वतःचं सांगण्यासारखं राज्यच नाही, तिथं इमान राहतं ते वतनाशी, घराशी आणि आपल्या अन्नावरच्या स्वारांशी. लखुजींनी ते राखलं. खडकी जळाली ती मात्र त्यांच्याच नव्या धन्याच्या हातून. तेही त्यांच्याच खात्यावर राहतं, आणि मी ते पुसणार नाही. माझं उत्तर चुकलं ते एवढ्यासाठी, की मी लखुजींना त्यांनी कधी न पाहिलेल्या राज्याच्या कायद्यानं मोजलं. ते राज्य त्यांच्या नातवानं उभं केलं. आणि शिवरायांनी देशमुखांच्या वतनदारीला वेसण का घातली, हे समजायला आजोळच्या कहाणीपेक्षा चांगला धडा मला तरी ठाऊक नाही.

हे सगळं मी त्या मुलाला पुढच्या सोमवारी वर्गात सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, मग खंडागळ्यांच्या हत्तीचं काय झालं?" मला काही सांगता आलं नाही.

पुढच्या वर्षांत मी एक बदल केला. सहलीत आधी सिंदखेडराजा ठेवलं आणि मग दौलताबाद. सकाळी लवकर निघायचं. राजवाड्याचा दरवाजा, रंगमहाल, काळाकोट, पुतळा बारव, मोती तलाव बघायचे. मोती तलावाची दगडी भिंत आजही बघण्यासारखी आहे. शेवटी लखुजींची समाधी. एवढी मोठी, घुमटाची समाधी मराठा सरदारांच्या वाट्याला क्वचित आली असेल. त्याच परिसरात 2024 मध्ये पुरातत्त्व खात्याला काम चालू असताना जमिनीखाली जुन्या शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती सापडली. आता जाल तर तेही बघा. जानेवारीतल्या बाराव्या तारखेला जाऊ नका, त्या दिवशी जिजाऊ जयंतीला लाखाची गर्दी असते आणि समाधीपाशी शांत उभं राहता येत नाही. इतर कुठल्याही दिवशी दुपारी घुमटाखाली गार असतं. मुलांना तिथं डबे उघडायची परवानगी मी कधी दिली नाही. ती बाहेर लिंबाखाली बसून जेवायची, आणि मग आम्ही दौलताबादच्या वाटेला लागायचो.